उलटे वेढे

लेक गेली आणि त्यानंतर महिन्याभरात तिच्या कॉलेजचा चिमुकला उपग्रह आकाशात चढला. त्यातला सिग्नल पाठवणारा भाग तिनं एकटीनं बांधला होता. वर्ष उलटलं, तसा तो खाली खाली येऊ लागला. थोड्याच दिवसांत जळून जाणार होता. त्याआधी एकदा तरी त्याचा आवाज ऐकायचाच, असं आईबापानं ठरवलं.

बाप विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा, जळालेल्या मोटारीत नवी तार भरणारा. तांब्याची तार म्हणजे त्याच्या हातचा मळ. लेकीनं काढून ठेवलेल्या चित्रावरून त्यानं मोठ्या ऐटीत पाइपवर तार गुंडाळली आणि गच्चीवर अँटेना उभी केली. उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी तो ती हळूहळू फिरवायचा आणि बायको हेडफोन लावून बसायची. रोज नुसती खरखर. खाली गॅसवर भाजी करपली तरी बाई जागची हलायची नाही.

"थांबा, काहीतरी आलं," ती म्हणायची. काही आलेलं नसायचं.

शेवटी तोच वैतागला. "मुकंच निघालं गं. घाई केली असेल पोरीनं." नातेवाइकांनी विचारलं की बायकोही खाली मान घालून सांगू लागली, पोरीचं काम अर्धवटच राहिलं.

लेकीची मैत्रीण भेटायला आली, त्याच्या आदल्याच दिवशी उपग्रह जळून गेला होता.

"शेवटच्या फेरीपर्यंत सिग्नल येत होता, काका. कॉलेजात आम्ही सगळ्यांनी ऐकला." मग ती गच्चीवर गेली, तिनं अँटेनाच्या तारेवरून बोट फिरवलं. "काका, वेढे उलटे गुंडाळलेत. असे असले की त्याचा सिग्नल जवळजवळ पकडलाच जात नाही."

त्यानं चित्र आणून शेजारी धरलं. लेकीनं वेढ्यांच्या दिशेचा चांगला ठळक बाण काढला होता. पण जन्मभर मोटारी भरलेला हात; त्याला वळण पडलं ते पडलं. चित्र समोर असूनही तो आपल्याच वाटेनं गेला आणि बोल लागला गेलेल्या लेकीला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती चिडेल, निदान रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं ओले हात पुसले आणि थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, पोरीचं काम बरोबर होतं. शेवटपर्यंत चालू होतं."

मग चुकलं कुणाचं, असं बहिणीनं विचारलं असावं. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तार खराब निघाली," ती म्हणाली.

तो भिंतीला टेकून रडू लागला, तशी ती फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली.