दहा सेकंदांचा ढोल

होटगी रोडला दुसऱ्या मजल्यावर गुरुशांतचा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या चादरी ठोकलेल्या, खिडकी एकच आणि तीही प्लायवूड मारून बंद केलेली. आत आलेला माणूस पाच मिनिटांत घड्याळ बघायला लागतो. गुरुशांतला तसं होत नाही, कारण त्याच्या समोरच्या पडद्यावर घड्याळाहून बारीक रेघा असतात. रेघेवर पडला तो ठोका. अलीकडे-पलीकडे पडला ती चूक. स्वतःच्या वरातीत ताशा मागे पडतोय म्हणून हा घोड्यावरून उतरून वाजंत्र्यांना सांगायला गेला होता. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही.

अशा माणसाकडे हरिबा ढोल घेऊन आला.

हरिबा सांगोल्याकडचा, गजी नाचाचा ढोलक्या. वीस गडी पांढऱ्या कपड्यांत, हातात रुमाल घेऊन रिंगण धरतात. ढोलाची चाल बदलली की पाय बदलतात. या चालीला ते घाई म्हणतात. शेवटी हरिबा एक तिरका, जरा उशिराचा ठोका देतो, ती सोडवण. सोडवण मिळाल्याशिवाय रिंगणातून कुणी बाहेर पडायचं नाही, घरून निरोप आला तरी.

शनिवारी सोलापुरात कार्यक्रम होता आणि त्याआधीच्या सोमवारी हरिबाच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन. दुसरा ढोलक्या बोलावून पाहिला. सव्वीस वर्षं एकाच हातावर नाचलेले गडी, एकमेकांच्या पायात पाय घालून थांबले. म्हणून रविवारीच ढोल रेकॉर्डिंगमध्ये भरून ठेवायचा आणि शनिवारी तो लावून नाचायचं, असं ठरलं. नाही जमलं तर कार्यक्रम नाही.

गुरुशांतनं हरिबाच्या कानाला हेडफोन लावला.

"ह्ये कानात काय टकटक करतंय?"

"मामा, त्याच्याबरोबर वाजवायचं."

"मी त्येच्याबरोबर? त्येला म्हणावं, तू ये की माझ्याबरोबर."

हेडफोन काढून ठेवला आणि हरिबा अकरा मिनिटं वाजवत राहिला. संथ सुरू झाला, वाढत गेला, शेवटी सोडवण देऊन घाम पुसला. "हुईल न्हवं काम?"

"एकदम," गुरुशांत म्हणाला. मनात त्यानं चुका मोजायला सुरुवात केली होती.

दोन दिवस मोजत होता. पहिल्या चारशे बारा ठोक्यांत रेघेवर पडलेले एकोणीस, आणि तेही चुकून. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग सख्खे सोडाच, चुलतभाऊही वाटत नव्हते. मग त्यानं मधला एक तुकडा निवडला, चार आवर्तनांचा. त्यातला एकेक ठोका धरला, ताणला, दाबला, रेघेवर नेऊन खिळवला. शेवटच्या ठोक्याचा घुमारा पहिल्या ठोक्यात असा मुरवला की जोड नखाला लागू नये. तुकडा बरोब्बर दहा सेकंदांचा झाला. एकामागं एक लावला की शंभर वेळा फिरवा, केसभर सरकत नव्हता. गुरुशांत खुर्चीतून उठून एकटाच हसला. बाकीचं रेकॉर्डिंग उगाच जागा अडवत होतं. ते त्यानं पुसून टाकलं.

गुरुवारी सकाळी चिंचोळीच्या अलीकडे एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात तालीम होती. हरिबा कोपरापर्यंत हात बांधून खुर्चीवर बसला. गुरुशांतनं लॅपटॉप स्पीकरला जोडला, सरावात खंड नको म्हणून तुकडा फिरता ठेवला आणि बॅटरी कमी दिसली म्हणून वायर आणायला गेला. दुकानात ओळखीचा माणूस भेटला. त्याच्या भजनाचा ताल कसा ढिला आहे, हे समजावण्यात तेवीस मिनिटं गेली.

परत आला तर गडी नाचतच होते. एकशे अडतीस फेरे झाले होते, एकाच घाईचे. कुणाचा शर्ट कोरडा नव्हता. रिंगणात सगळ्यांच्या पुढं नाचणारा मोहरक्या बिरुदेव, वय अठ्ठेचाळीस, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता आणि डोळे हरिबाकडे लावून होता. हरिबा खाली मातीकडे बघत होता.

गुरुशांतनं धावत जाऊन आवाज बंद केला. कुणी थांबलं नाही. पाय आणखी दोन फेरे तसेच चालले, मग रिंगण फाटलं आणि गडी जिथल्या तिथं बसले.

"अहो, थांबायचं की!" गुरुशांत ओरडला.

"सोडवण कुटं आली?" बिरुदेव म्हणाला. "वाट बगून बगून पाय ग्येले."

"मामा, तुम्ही तरी बंद करायचं."

"माजाच ढोल की त्यो," हरिबा म्हणाला. "चालू ढोल ढोलक्यानंच अडवायचा? लोकं थुकतील. पर त्यो मी न्हाय."

"तुमचेच ठोके आहेत. एकही बाहेरचा नाही."

"ठोकं माजं. मी एवडा सरळ कवा वाजवलाय? दावणीला बांदल्यावानी वाटतंय ऐकताना. सोडवण लाव बगू."

गुरुशांतनं वायरीचं बंडल या हातातून त्या हातात घेतलं. "ती... काढून टाकली. उशिरा पडली होती."

बिरुदेवनं रुमाल पिळला.

"उशिरा पडली न्हवती," हरिबा म्हणाला. "उशिरा दिली हुती." त्यानं बांधलेल्या हाताकडे पाहिलं. हा हात दोन महिने ढोलाला लागणार नव्हता. शनिवार परवावर होता.

"डाव्या हाताने एक ठोका द्या मामा, भरून घेतो."

"डावा हात ह्यांच्या वळखीचा न्हाय." हरिबा उठून लॅपटॉपपाशी आला. "बंद कुटं करायचं?"

"कीबोर्डवरची ही खालची लांब पट्टी. पण तुकडा संपतो तिथंच दाबा, नाहीतर ठोका अर्धा तुटेल."

"तू गप बस. लाव."

ढोल पुन्हा सुरू झाला. गडी कण्हत उठले. हरिबानं डाव्या हाताचं बोट पट्टीवर टेकवलं. पडद्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो बिरुदेवची टाच बघत होता. चौथ्यांदा तुकडा संपला. गुरुशांतनं मान हलवली. हरिबा हलला नाही. नवा फेरा सुरू झाला, एक ठोका पडला, दुसरा पडायच्या आत त्यानं पट्टी दाबली.

उचललेले वीसही पाय एकदम जमिनीवर आले आणि राहिले.

"सोडलंस हरिबानाना," बिरुदेव म्हणाला. "पर घाई कोन बदलनार?"

"कोन न्हाय. शनवारी एकाच घाईवर नाचायचं. अकरा न्हाय, साच मिंटं."

"सा मिंटं?"

"सा मिंटं. मी सोडंपर्यंत."

बिरुदेवनं गड्यांकडे पाहिलं. रिंगण पुन्हा धरलं गेलं.

सहा मिनिटांचा सराव सुरू झाला. कार्यालयाच्या माणसानं चहा आणला. हरिबाचा उजवा हात बांधलेला, डावा पट्टीवर.

"घ्या मामा, उचला बोट. अजून पाच मिनिटं आहेत."

"आन मदीच कुनाला भोवळ आली तर?"

गुरुशांतनं कप त्याच्या ओठापाशी धरला. हरिबानं टाचांवरची नजर न काढता मान वळवली. कप दिसेना, चहा शर्टावर सांडला. पुसायला त्याच्याकडे हात नव्हता.