जुनी प्रत

लॅपटॉपच्या खालचं एक रबरी पाय निखळलाय, त्यामुळे प्रत्येक अक्षरागणिक तो लंगडतो... लंगडू दे. चालतोय ना, ती स्वतःशी म्हणते.

पडद्यावर ओळी सरकताहेत. नकाशे काढायच्या एका प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे तयार तुकडे, कुणीकुणी फुकट लिहून सगळ्यांसाठी खुल्या ठेवलेल्या—पण लिहिल्या एका सिस्टिमसाठी, आणि ही बसलीय त्या दुसरीवर चालतील अशा बांधत, जिच्यावर बाबांचा जुना कॉम्प्युटर चालतो. प्रकल्पाच्या प्रमुखाला ती मनात मुकादम म्हणते. त्यानं लिहिलंय, ही सिस्टिम आता वापरतं कोण? आज संध्याकाळपर्यंत बांधून दाखवा, नाहीतर या सिस्टिमसाठीचा भाग प्रोग्रॅममधून काढून टाकतो. कोण म्हणजे? बाबा वापरतात. जन्मभर हातानं नकाशे काढले, आता हात कापतो म्हणून यात काढतात. ते काय कुणीच नाहीत?

सकाळी अशाच ओळी कुठेही न अडता संपल्या, म्हणजे बांधणी पूर्ण, आणि तिनं तोऱ्यात सगळ्यांना कळवून टाकलं—झालं. मग बाबांच्या कॉम्प्युटरवर चढवलं, तर प्रोग्रॅम उघडेचना.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "कागद आहेत की माझ्याकडे."

राहू दे म्हणे! तो समजूतदार आवाज तिला मुकादमापेक्षा जास्त झोंबला.

कारण सापडायला दुपार गेली. तिच्या लॅपटॉपवर एका लायब्ररीची दोन वर्षांपूर्वीची, दुसऱ्या कुणी बांधलेली प्रत पडून होती. नवी बांधणी गुपचूप त्या प्रतीच्याच आधारानं पार पडली होती. बाबांकडे ती प्रत नाही, म्हणून तिथं सगळं कोसळलं. हात दाखवून अवलक्षण. बरं, मुकादमाला यातलं काही माहीत नाही... गप्प बसलं तर संध्याकाळ टळेल, भाग राहील, मला शाबासकी. आणि बाबांपुढे? बंद प्रोग्रॅम.

लहानपणी तिनं त्यांच्या नकाशातली तुटलेली नदी अंदाजानं जोडून टाकली होती. ते रागावले नाहीत, ब्लेडनं ती शाई खरवडत बसले—"पाणी डोंगर चढत नाही बाळा"—आणि तेवढ्या जागी कागद पातळ झाला, तो झालाच.

तिनं जुनी प्रत पुसून टाकली. मुकादमाला लिहिलं: 'सकाळचं “झालं” खोटं होतं, चूक माझी. भाग काढायचा तर काढा. मी बांधत राहणार. वापरणारे इथं दोघं आहेत, बाबा आणि मी.' पाठवलं. पुन्हा पहिल्यापासून बांधणी सुरू केली.

तिसऱ्याच मिनिटाला चुकीची लाल ओळ आली: लायब्ररी सापडत नाही. सकाळी ती यायला हवी होती, तीच. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याचा थोडा रागही आला.

"बाबा," ती न वळता म्हणाली, "कागद एवढ्यात काढू नका."