गुडघ्यापर्यंतचा देश

मी एक जुना पुठ्ठ्याचा मुलगा आहे. उंचीने माणसाएवढा, जाडीने बिस्किटाएवढा. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या एका कार्यालयाच्या दारात मी दिवसभर हसत उभा असे. मित्रांनो, इतके सलग हसणे माणसाला जमत नाही. म्हणून तर माझी गरज पडली.

माझा जन्म एका खऱ्या मुलावरून झाला. त्या थंड देशात जाणारा तो कार्यालयाचा पहिलाच विद्यार्थी. अजून गेला नव्हता, जायचा होता. कार्यालयाच्या मालकांना सगळे सर म्हणत. सरांनी त्याला मागच्या खोलीत उभे केले आणि ऐन उकाड्यात मेव्हण्याचा लोकरी कोट त्याच्या अंगावर चढवला. फोटोग्राफर म्हणाला, "पोचल्यासारखं हस." तो हसला. पुढे पुठ्ठा कडेने कापताना माझा उजवा कान थोडा गेला, पण हसू शाबूत राहिले. अशा रीतीने तो विमानात बसण्याआधीच मी तिथे पोचलो होतो.

माझ्या छातीपासून गुडघ्यापर्यंत त्या देशाची माहिती छापली होती. राजधानी दक्षिणेला, समुद्रकाठी. चलन युरो. राजभाषा दोन, पण बरेच अभ्यासक्रम इंग्रजीतून. तळी लाखावर, माणसे त्या मानाने बेताची. शिकता शिकता काम करायची मुभा. आणि शेवटी, ऐन गुडघ्यावर: 'उन्हाळ्यात उत्तरेकडे सूर्य मावळतच नाही.' ही ओळ वाचून पालक हरखून जात. एका वडिलांनी तर विजेचे बिल किती वाचेल तेही विचारले. हिवाळ्यात काय होते ते लिहायला जागा उरली नव्हती. खाली बूट होते. सर खोटे कधी बोलत नसत. ते फक्त गुडघ्यापर्यंत बोलत.

माझे कौतुकही फार झाले. मुले खांद्यावर हात टाकून फोटो काढत. आया आपल्या लेकरांना म्हणत, "बघ कसा हसतोय. नाहीतर तू." एखादे पालक कां-कू करू लागले की सर थेट तिकडे गेलेल्या त्या खऱ्या मुलालाच फोन लावून पडद्यावर दाखवत. कार्यालयाचा फोन तो नेहमी उचले, आणि हसे.

मग तिथला हिवाळा आला. इथे तेव्हाही पंखे फिरत होते. माझी पाठ कोरी, तपकिरी. मागे भिंत आहे एवढे ऐकून होतो. पण आता पाठीला वारा लागू लागला. भिंतीतून वारा येत नाही, मित्रांनो. खांद्यांवर काहीतरी हलके, गार साचू लागले. आणि समोर कुणी नसताना अगदी तोंडाजवळ कुणाच्या तरी श्वासाची वाफ धरे आणि विरे. मधे काच असावी.

सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशींना माझ्या पायाशी पाणी सापडू लागले. "या मेल्याला घाम येतो," त्या म्हणाल्या. प्लंबरने भिंत ठोकून पाहिली. कोरडी ठणठणीत. जाताना त्याने माझ्याकडे बघायचे टाळले. मावशी मग माझ्या तोंडावर फडके टाकूनच काम करू लागल्या.

त्या मुलाची आई अधूनमधून मला बघायला येई. त्या दिवशी आली ती दारातच थबकली.

"याच्या तोंडावर फडकं कुणी टाकलं?"

"काकू, बसा ना. पाणी देऊ?" माहिती सांगणाऱ्या ताई म्हणाल्या.

"पाणी याच्या पायाशी आहे तेवढं पुरे." आईने फडके काढले. "अगं, पोराचा रोज एकच निरोप येतो. सगळं ठीक. त्याच दोन शब्दांत. मी फोन केला तर उचलत नाही. माझा मुलगा जन्मात कधी ठीक म्हणालेला नाही. भाजीला नावं ठेवील, चपलांना ठेवील. हा कोण ठीक आहे तिकडे?"

"मुलं रुळली की फोन कमीच होतात हो."

"आत्ता उजाडलं असेल ना तिथं?"

ताई कागद नीट लावू लागल्या. "तो उत्तरेला आहे, काकू."

"मग?"

"तिकडे या दिवसांत उजाडत नाही. आठवडेच्या आठवडे."

आईने माझ्या गुडघ्यावरची ओळ वाचली. मग बुटांकडे पाहिले. "हे का नाही लिहिलंत?"

"जागा नव्हती," ताई म्हणाल्या, आणि आपलेच उत्तर कानावर पडल्यासारख्या उठल्या. "थांबा. आमच्या फोनवरून लावते. हा तो उचलतो."

त्याने उचलला. पडद्यावर काळोखी खोली आणि त्यात माझे हसू, दाताला दात जुळणारे.

"आई," तो हसतच म्हणाला.

"हसू नकोस."

"थांबत नाही गं. तो बघत असतो."

"कोण?"

"खिडकीबाहेर उभा असतो. बर्फात. माझ्यासारखाच, तोच कोट. उजवा कान थोडा कापलेला. तो असला की दार उघडवत नाही."

ताई माझ्या कानाकडे बघून मागे सरकल्या. आई जागची हलली नाही.

"घरी ये," ती म्हणाली.

"कोणत्या तोंडानं येऊ? तिथं दारात मी हसत उभा आहे. आल्यागेल्याला दाखवतात मला."

"त्या तोंडाचं मी बघते."

तिने माझे खांदे धरले आणि मला भिंतीकडे वळवले. मी पहिल्यांदाच भिंत पाहिली. नुसती भिंत होती. मग मागे फोनवर तो म्हणाला, "गेला." आणि रडू लागला. नीट ऐकू यावे म्हणून ताईंनी पंखा बंद केला.

तो सुट्टीत घरी आला. पोटभर झोपला आणि भाजीला नावे ठेवली. आईने ती भाजी मुद्दाम दुसऱ्या दिवशीही केली म्हणे. मग आपल्या मर्जीने शिक्षण पुरे करायला परत गेला. जाण्याआधी कार्यालयात येऊन त्याने जाड पेनाने माझ्या पाठीवर लिहिले: 'हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य उगवतच नाही. जवळ चांगला दिवा ठेवा. रोज दार उघडा. रडू आलं तर घरी सांगा.' पाठीवर भरपूर जागा होती.

सर म्हणाले, पाठ काही दाखवायची वस्तू नव्हे. तेव्हापासून मी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून आहे. माझी पाठ मावशींचा झाडू वाचतो.

दारात आता नवी मुलगी उभी आहे. पुठ्ठा जाड, हसू माझ्यापेक्षा रुंद, असे ऐकतो. मजकूर गुडघ्यापर्यंतच. आज सकाळी मावशी पुटपुटल्या, "घ्या, आता हिलाही घाम."

मित्रांनो, दारात हसणारे कुणी दिसले तर हसू बघत बसू नका. खाली फरशी बघा. ओली असेल तर त्या मुलीच्या घरी जाऊन सांगा. माझे तोंड भिंतीकडे आहे. मला हाक मारता येत नाही.