तुरपाई केलेली आगळीक

चतुराबाईला आजवर लोकांनी काय काय म्हटलं नव्हतं! फटकळ म्हटलं, हेकट म्हटलं. खुद्द नवऱ्यानं, सर्जेरावानं, भर पंगतीत तिला 'जाळ' म्हटलं होतं. तिनं ते सगळं हसून सोडून दिलं. पण आगळीक? त्रेसष्टाव्या वर्षी? आणि तीही अर्जुनरावांची?

हा शब्द गावात आणला अंगद हवालदारानं. त्यानं तिच्या दारात उभं राहून कागद वाचला, "सदर महिलेने अर्जदार अर्जुनराव यांच्या मालमत्तेची आगळीक केली." त्यातला 'मालमत्ता' हा शब्द त्यानं सुपारीबरोबर चावून गिळला. शेजारी पिठाची गिरणी. दळण संपायच्या आत गावभर झालं की चतुराबाईनं माजी सरपंचांची काहीतरी आगळीक केली.

"काय गं, काय केलंस त्या भल्या माणसाला?" दळणाला आलेल्या केसरबाईनं डबा डोक्यावर घेत विचारलं.

सर्जेराव तर बाजेवर पडून खुदुखुदु हसत होता. "मला पंचेचाळीस वर्षांत एकदा तरी करायचीस. त्या अर्जुनरावावर कशापायी उधळलीस?"

"तुमी गप बसा," चतुराबाई म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. गावातल्या झाडून साऱ्या बाया तिच्याकडं ब्लाऊज शिवायच्या. अंगाचं माप कुणी कुणालाही देत नसतं, विश्वास लागतो. ज्या बाईच्या हातात टेप, तिच्याच नावाला असला शब्द चिकटला तर उद्या उंबऱ्यावर कोण येईल? तिला रडू यायचंच बाकी होतं.

आता खरं काय झालं ते ऐका. दिंद्रुडच्या रस्त्याला लागूनच तिचं घर. रस्त्याकडं एकच खिडकी आणि खिडकीपाशी मशीन. दिवसा लाईट असते तितकी असते, म्हणजे नसतेच. सगळा कारभार त्या खिडकीच्या उजेडावर. सोमवारी सकाळी चतुराबाई दिंद्रुडला गळपट्टीत घालायचं बुकरम आणायला गेलती. परत येऊन बघते तर घरात अंधार. अर्जुनरावांचा मुलगा अमरसिंह याचा वाढदिवस! त्याच्यामागं फिरणाऱ्या पोरांनी भिंतभर फ्लेक्स ठोकला होता. 'युवकांचे आशास्थान' अशी मोठी अक्षरं, आणि त्याखाली बरोबर खिडकीवर अमरसिंहाचं गॉगल घातलेलं तोंड, खिडकीएवढंच.

तिनं पोरांना निरोप धाडला. पोरं म्हणाली, "आठ दिवस राहू द्या की मावशी." आठ दिवस! मशीनवर हिरव्या जरीचं लग्नाचं ब्लाऊज होतं, शुक्रवारी द्यायचं होतं. सुईत दोरा ओवेना. मंगळवारी दुपारपर्यंत तिनं दम धरला, मग उठून मोठी कात्री घेतली आणि खिडकीवरचं तोंड अख्खं कापून काढलं.

बरं, कापलं ते कापलं. पण कापलेली कड तशीच सोडायची म्हणजे चतुराबाईच्या जिवाला घोर. दोरे निघाल्यागत ती कड दिसायला लागली. मग बाईनं हिरव्या जरीची उरलेली पट्टी घेतली आणि दाभणानं चारी बाजूंनी तुरपाई करून टाकली. झकास काज झालं. त्यातून ती डोकावली की रस्त्यावरच्यांना दिसायचं, वर 'युवकांचे आशास्थान' आणि खाली चष्मा लावलेली, तोंडात टाचण्या धरलेली चतुराबाई. एस.टी.तले लोक वळूनवळून बघायचे. कुणीतरी फोटो काढला, तो मोबाईलवर फिरला, आणि गुरुवारी अर्जुनराव तणतणत ठाण्यात गेले.

नात पंचशीला बीडला वकिली शिकत होती, शेवटच्या वर्षाला. ती शनिवारी आली. "आज्जे, कायद्याच्या मराठीत मुद्दाम केलेल्या नुकसानीला आगळीक म्हणतात. दुसरं काई न्हाई त्यात."

"कायदा लिहिणाऱ्याला दुसरा शब्द घावला न्हाई का गं?"

तेवढ्यात अंगद हवालदार जागा बघायला आला. मागून अर्जुनराव, त्यांच्या मागून अमरसिंह, आणि त्यांच्या मागून ज्यांना काही काम नव्हतं ते सगळे.

"सरळ सांगा चतुराबाई," अर्जुनराव म्हणाले, "नुकसान केलं का न्हाई?"

"भोक पाडलं. आगळीक न्हाई केली."

"मावशी, भोकालाच आगळीक म्हणतेत," हवालदार समजुतीनं म्हणाला.

पंचशीला पुढं झाली. "हवालदार साहेब, नुकसान करायचा इरादा लागतो. ज्याला नासधूस करायची तो टराटरा फाडून मोकळा होतो. दोन तास बसून तुरपाई कोण करतं?"

"तेच तर!" अर्जुनराव गरजले. "दोन तास बसून केलं म्हंजे थंड डोक्यानं केलं. ह्याच्याहून मोठा इरादा कोणता?"

हवालदाराला दोघांचंही पटलं. त्यानं पेनाला टोपण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"आन् माझं तोंड कुठंय?" अमरसिंहानं विचारलं.

चतुराबाई आत गेली आणि घडी घातलेला तुकडा घेऊन आली. "ह्ये घ्या. गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा मी ठेवून घेत न्हाई." अमरसिंहानं स्वतःचं तोंड काखेत धरलं. लोक इतके हसले की सर्जेरावाला ठसका लागला.

एवढ्यात गर्दी हटवत छबुबाई आल्या, अर्जुनरावांच्या मंडळी. त्यांना तक्रारीशी देणंघेणं नव्हतं. "चतुराबाई, ब्लाऊज झालं का हो? कालच द्यायचं व्हतं न्हवं..." बोलता बोलता त्यांची नजर भोकाच्या कडेला गेली. त्या जवळ गेल्या, पट्टी चिमटीत धरून बघितली. "अगं बया! ही जरीची पट्टी तर आमच्या सायलीच्या शालूची!"

"तिच्याच ब्लाऊजची उरली व्हती," चतुराबाई म्हणाली. "परत देणार व्हते. पण त्याच कामापायी भोक पाडलं, म्हणून त्यालाच लावली. ब्लाऊज गुरुवारीच झालंय. पोलिसाच्या भानगडीत आणून द्यायचं राहिलं."

छबुबाई सावकाश नवऱ्याकडं वळल्या. "म्हंजे तुमच्या पोराच्या थोबाडानं माझ्या पोरीचं ब्लाऊज अडवलं, आन् तक्रार तुमी दिली व्हय?"

अर्जुनरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. लेकीचं लग्न आठ दिवसांवर आणि बायको रस्त्यावर बोलायला लागलेली. शहाण्या माणसानं अशा वेळी पडतं घ्यावं. "बरं बरं. लिही बे अंगद, ह्यांनी केलेली आगळीक मी माफ केली. मिटलं."

"थांबा," चतुराबाई म्हणाली.

सर्जेरावानं कपाळाला हात लावला. झालं मिटत आलेलं, आता ही परत उसवणार!

"माफी कशाची? माझं घर. माझी खिडकी. तिच्यावर तुमच्या पोरानं इचारलं न्हाई, पुसलं न्हाई, आपलं तोंड आणून ठोकलं. घरात अंधार केला. मी दोन दिवस माझ्याच घरात चाचपडले. आन् आगळीक केली कुणी, तर मी?" एकेक शब्द टाक्यासारखा पक्का पडत होता. "अंगद, कायद्यातलं मला कळत न्हाई बाबा. पण आमच्या मराठीत जिला आगळीक म्हणतेत, ती ही. लिवायची तर दोन्ही लिव. न्हाईतर तो शब्द माझ्या नावाम्होरून खोड."

गिरणीचा पट्टा नेमका तेव्हाच थांबला होता. केसरबाई डब्यावर हात ठेवून उभी होती, तीच पहिली म्हणाली, "खरं हाय की."

अर्जुनरावांनी त्या भोकाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "खोड बे अंगद. तक्रारच न्हाई माझी."

फ्लेक्स संध्याकाळच्या आत उतरला. सायलीचं लग्न पार पडलं, ब्लाऊज असं बसलं की वऱ्हाडातल्या चौघीजणींनी मांडवातच चतुराबाईला माप दिलं.

महिन्याभरानं अमरसिंहाच्या कुठल्याशा नेमणुकीचा नवा फ्लेक्स छापून आला. पोरं शिडी घेऊन रस्त्यावर थांबली. अमरसिंह एकटाच दारापर्यंत आला, चपला बाहेर काढल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशी, भिंतीवर बोर्ड लावायचा व्हता. लावू का?"

चतुराबाईनं मशीन थांबवलं. चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्या घरातल्या कुणी तिची परवानगी विचारली, ती ही पहिलीच. तिला फार बरं वाटलं.

"न्हाई," ती गोड आवाजात म्हणाली, आणि परत पायडल मारायला लागली.