चेंडू जोनासला द्या

आमच्या कॉर्विन फॉल्स गावात शुक्रवारी संध्याकाळी शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो आणि शनिवारी सकाळी माझ्या डोनटच्या दुकानात त्याची चिरफाड होते. काचेची फॅक्टरी चालू होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. फॅक्टरी बंद पडली, पण चिरफाड काही थांबली नाही.

त्या वर्षी भांडण एकाच मुलावरून चाललं होतं. जोनास टिडवेल, अकरावीतला, आमचा रनिंग बॅक. खेळ चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने चेंडू हातात द्यायचा आणि याने तो छातीशी धरून समोरच्यांच्या गर्दीतून वाट काढायची. वाट काढण्यात पोरगा वाकबगार होता. पण कोच मेसनर त्याला चेंडू देतच नव्हते. त्यांचा सगळा भर लांब फेकण्यावर.

"सहा वेळा! अख्ख्या सामन्यात सहा वेळा!" व्हर्ना हर्लबटने कोट काढायच्या आधीच तोंड उघडलं. व्हर्ना शाळेची बस चालवते, वय एकसष्ट, आवाज भोंग्यासारखा. "सहा वेळात पोराने पन्नास यार्ड काढले. आणि आपले कोचसाहेब? फेका, फेका, फेका! जातोय कुठे फेकलेला चेंडू? समोरच्यांच्या हातात!"

"कोचला तुझ्यापेक्षा जास्त कळतं गं," ऑगी स्टॅनोविच म्हणाला. खिडकीजवळची खुर्ची त्याची. "तू आपली बस चालव."

"बसच चालवते. पण चढावर लागणारा गिअर असला तर मी तो टाकते, ऑग्या. शोभेला नाही ठेवत."

दुकानात हशा पिकला. ऑगी हसला नाही. पन्नास वर्षांपूर्वी तो याच शाळेकडून खेळला होता, आणि चेंडू त्याच्या हातात कधी आलाच नव्हता. त्याचं काम पुढे घुसून माणसं आडवी करायचं. मागून दुसरा पळायचा आणि पेपरात फोटो त्या दुसऱ्याचा यायचा. त्यामुळे पळणाऱ्यांचं कौतुक ऐकलं की तो गप्प तरी बसायचा, नाहीतर कोचची बाजू घ्यायचा.

"एवढं वाटतं तर जाऊन विचार की कोचला," तो म्हणाला.

"विचारणारच आहे."

मंगळवारी शाळेच्या कॅन्टीनमध्ये पालकांची आणि पाठीराख्यांची बैठक होती. मी डोनट घेऊन गेले होते, म्हणून मला सगळं ठाऊक आहे. व्हर्नाने पाच सामन्यांचा हिशेब वहीत लिहून नेला होता. जोनासला चेंडू किती वेळा मिळाला, किती यार्ड निघाले, सगळं. कोचनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "मिसेस हर्लबट, बैठक झाली की माझ्या खोलीत याल का?"

मीही मागोमाग गेले. मला कोणी अडवलं नाही.

कोचनी संगणकावर जुने सामने लावले. "आकडे बरोबर आहेत तुमचे. पण चेंडू जोनासकडे नसतो तेव्हा तो काय करतो, ते बघितलंत कधी?"

आम्ही बघितलं. क्वार्टरबॅक फेकायला मागे येतो. समोरचा एक धिप्पाड गडी मोकळा सुटून त्याच्यावर धावतो. मध्ये जोनास उभा. त्याने त्या गड्याला अडवायचं. पण ऐन वेळी जोनास खांदा वळवतो, बाजूला होतो आणि क्वार्टरबॅक पाठीवर आपटतो. एकदा, दोनदा, तीनदा.

"दोनदा खांद्याला लागलंय त्या क्वार्टरबॅकच्या," कोच म्हणाले. "जोनासला फक्त पळवायलाच आत आणलं, तर चेंडू त्यालाच मिळणार हे समोरच्यांना आधीच कळतं. सांगा, काय करू?"

व्हर्नाने हातातली वही मिटली. मग ती म्हणाली, "मग त्याला शिकवा."

"शिकवतोय. पण साठ मुलं आहेत, आम्ही तिघं."

"आणि आम्ही शिकवलं तर?"

कोचनी तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याच्या घरच्यांची हरकत नसेल आणि त्याला लागणार नसेल, तर माझी ना नाही."

शनिवारी दुकानात तिने काही न लपवता सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऑगी तिची पार टर उडवणार. पण तो पुढे वाकून विचारत होता, "अडवताना गुडघे वाकवतो का तो? की ताठ उभा असतो?"

"ताठ."

"मग होणारच! ताठ माणसाला वाराही पाडतो. त्याला कोणी नीट सांगितलंच नसेल."

"तू सांग."

"माझे गुडघे बघितलेस का?"

"गुडघे कोणाला हवेत? तोंड हवंय. ते तर झकास चालतंय."

रविवारी चर्च सुटल्यावर मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये आम्ही जमलो. व्हर्नाने सामान वाहायच्या हातगाडीला जुनी गादी दोरीने करकचून बांधून आणली होती. जोनास आला तो खाली मान घालूनच.

"मिस व्हर्ना, मी बाजूला होतो ते मला माहितीये," तो म्हणाला. "मुद्दाम नाही करत. ते एवढे मोठे असतात, आणि अंगावर आले की माझं अंग आपोआप वळतं."

"मी तुझ्याएवढाच होतो," ऑगी म्हणाला. "याहून बारीक. ती गाडी म्हणजे समोरचा गडी. मी क्वार्टरबॅक." आणि घडीची खुर्ची उघडून, हातात कॉफीचा पेला घेऊन तो जोनासच्या पाठीमागे ऐटीत बसला.

"मिस्टर स्टॅनोविच, तुम्ही तिथे नका बसू."

"का? तू आहेस ना पुढे."

व्हर्नाने गाडी जोरात ढकलली. जोनास वळला. गाडी खुर्चीवर आदळली, ऑगी कुशीवर पडला आणि कॉफी त्याच्या रविवारच्या शर्टावर सांडली. मी किंचाळले. जोनास पांढराफटक पडून धावला.

ऑगीने जमिनीवरूनच हात वर केला. "झालं? मेलो का मी? नाही ना? खुर्ची सरळ कर. पुन्हा."

"नको, प्लीज."

"पुन्हा म्हटलं ना. कंबर खाली. त्याचं तोंड बघू नकोस, पोट बघ. आणि वाट बघत उभा राहू नकोस, तू आधी जा त्याच्या अंगावर."

ऑगी आणखी दोनदा पडला. चौथ्यांदा जोनासने गाडी अडवली, अगदी खुर्चीच्या पायाशी. व्हर्ना धापा टाकत म्हणाली, "आता मी खरंच जोर लावते हं." आणि तिने लावला. तेव्हाही गाडी थांबली.

चार रविवार असेच गेले. ऑगीला सोमवारी जिना उतरता येत नसे, पण पुढच्या रविवारी तो पुन्हा खुर्चीत हजर. कोचही सरावात बघत असावेत, कारण सामन्यांत ते जोनासला थोडा थोडा जास्त वेळ ठेवू लागले.

शेवटचा घरचा सामना एल्डर रिजच्या शाळेशी होता. जिंकलो तर बाद फेरी. त्या दिवशी जोनासला चौदा वेळा चेंडू मिळाला आणि प्रत्येक वेळी मोजायला व्हर्नाचं बोट वर गेलं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. चेंडू पलीकडे नेला की सहा गुण देणारी रेषा दोन यार्डांवर आणि हा शेवटचा प्रयत्न.

"जोनासला द्या! दोनच यार्ड! जोनासला द्या!" व्हर्ना कठड्यावर चढून ओरडत होती.

कोचनी फेकायला सांगितलं.

क्वार्टरबॅक मागे आला. एल्डर रिजचा सगळ्यात मोठा गडी मधून फुटला आणि थेट त्याच्यावर निघाला. जोनास खाली वाकला आणि वाट न बघता त्याच्या पोटात घुसला. दोघंही आडवे झाले. चेंडू रेषेपलीकडच्या कोपऱ्यात गेला, तिथल्या आमच्या मुलाने तो झेलला आणि सगळं मैदान उसळलं. सगळे त्या कोपऱ्याकडे बघत होते. एकटा ऑगी मैदानाच्या मध्यावर, जोनास पडला होता तिकडे बघत दोन्ही हात वर करून ओरडत होता, "बघितलं का? अरे, बघितलं का कोणी ते?"

"मी बघितलं," व्हर्ना म्हणाली आणि तिने त्याचा दंड घट्ट धरला. त्याला उभं राहवत नव्हतं आणि बसायचंही नव्हतं.

सामना संपल्यावर ती तडक खाली कोचकडे गेली. "अभिनंदन. पण तुम्ही चुकलात. दोन यार्ड तो सहज काढत होता."

"कदाचित," कोच म्हणाले. ते हसत होते. "पण तो नसता तर मी फेकायचं धाडसच केलं नसतं."

बाद फेरीत आम्ही एका गुणाने हरलो. जोनासला बावीस वेळा चेंडू मिळाला, तरी हरलो. त्याबद्दल शनिवारी काय काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी मी चर्चमधून बाहेर आले. मोसम संपला होता, कोणी येईल असं वाटलं नव्हतं. पण पार्किंगमध्ये व्हर्ना गादीच्या दोऱ्या आवळत होती, ऑगी खुर्ची उघडत होता, आणि जोनाससोबत संघातली आणखी दोन मुलं आली होती.

"लॉरेटा," ऑगी मला बघून ओरडला, "तुझ्या माळ्यावर एखादी जुनी गादी पडलीये का बघ! एकीने भागायचं नाही आता!"