चौसष्ट केबीवरून

मालाडच्या एका कॉलेजात जुन्या कॉम्प्युटरांचं प्रदर्शन भरलं होतं. मधल्या टेबलावर १९८४ सालचं मशीन होतं: लोखंडी पेटी, हिरव्या अक्षरांचा पडदा, चौसष्ट केबी मेमरी. अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत सुबोध, राजाराम आणि सुनंदा या तिघांनी दीड वर्ष खपून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. पुढे जो तो डॉस ही परदेशी सिस्टिम मागू लागला. कंपनीनं ते मशीन बंद केलं आणि तिघं पांगले.

आता सत्तरीला टेकलेले तिघंही प्रदर्शनाला आले होते. मशीनच्या कमांड फक्त सुनंदाला आठवत होत्या, म्हणून ते चालवायला तीच बसली होती.

सुबोधनं शेजारचं कार्ड वाचलं. सिस्टिमचा निर्माता म्हणून एकट्या राजारामचं नाव होतं.

"हे कोणी सांगितलं यांना?"

"मी," राजाराम म्हणाला. "तू नुसतं फ्लॉपीचं बघायचास."

"फ्लॉपी वाचल्याशिवाय तुझं मशीन सुरू तरी झालं असतं का रे?"

"जाऊ दे ना. डॉस आलं म्हटल्यावर पहिला पळालास तूच."

सुबोध पळाला नव्हता. त्या महिन्यात त्याचे वडील मरणपंथाला लागले होते, आणि राजारामला ते पक्कं ठाऊक होतं.

सुबोधनं त्याची कॉलर धरून तोंडावर ठोसा मारला. राजारामचा ओठ फाटला. त्यानं टेबलावरचा जड कीबोर्ड वायरीसकट उपसला आणि सुबोधच्या डोक्यात घातला. मग पुन्हा घातला. सुबोध गुडघ्यावर आला, रक्त कानामागून शर्टात उतरलं, तरी त्यानं राजारामची कॉलर सोडली नाही.

"सोडा रे, मराल दोघं," म्हणत सुनंदा मध्ये शिरली. राजारामचा तिसरा घाव तिच्यावर बसला. कीबोर्डचा कोपरा तिच्या डाव्या डोळ्यात गेला.

डोळा वाचला नाही.

हॉस्पिटलात जबाब घ्यायला हवालदार आला. "भांडण कशावरून झालं?"

"आम्ही केलेल्या कामावरून," सुनंदा म्हणाली. "पडद्याचा आणि कीबोर्डचा सगळा भाग मी लिहिला होता. भांडताना दोघांपैकी एकालाही तो आठवला नाही. नावं दोघांची लिहा."

राजारामला अटक झाली, मग जामीन मिळाला. मारामारीचा गुन्हा सुबोधवरही दाखल झाला.

महिन्याभरानं सुबोध तिच्या मुलुंडच्या घरी आला. डोक्याला अकरा टाके पडले होते.

"माझं चुकलं, सुनंदा. सुरुवात मी केली."

"हो. केस मी मागे घेणार नाही."

"ते सांगायला नाही आलो मी."

तो दारातच उभा राहिला. घसरलेला चष्मा वर करायला त्यानं हात उचलला, तशी ती दचकून भिंतीला टेकली. सुबोधनं हात हळूच खाली घेतला आणि चष्मा तसाच ठेवून तो जिना उतरला.