गाडीवानाची वही

मी नांदूरघाटच्या बायांच्या दूध सोसायटीची चेअरमन, सरस्वतीबाई. चेअरमन म्हणलं की लोकांना खुर्ची दिसती. आमच्या खुर्चीचा एक पाय मोडलेला, आणि त्या साली दूध पोळ्यापासूनच बंद. पाऊस न्हाई, चारा न्हाई, जनावरं छावणीत. आमी वीस बाया रिकामे कॅन पालथे घालून त्यावर बसायचो आणि दसरा किती लांब हाय ते मोजायचो. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि कोयता घेऊन पार कोल्हापूरकडं ऊस तोडायला जावं लागतं. मी एकोणीस हंगाम तोडले. कंबर सरळ व्हईना झालती. विसावा हंगाम तोडायचा न्हाई असं मी मनाशी पक्कं केलतं, पण आपल्या मनाला मुकादम कुठं इचारतो.

अशात गुंडप्पा किराणावाल्याचा मन्मथ महालक्ष्म्यांच्या सणाला गावी आला. शिकून कोकणात एका खाडीवर नोकरीला लागलाय. काय करतो म्हणून इचारलं तर म्हणला, "पाण्यात माईक सोडून डॉल्फिन ऐकतो, काकू."

"ऐकतो कावून? डोळे हायेत की तुला."

"खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचं पाणी लई जोरात पळतं. गढूळ असतं, हातभर खालचं दिसत न्हाई. म्हणून कानानंच शोधायचं. पण पळत्या पाण्यात गोटे घरंगळत्यात, बोटी जात्यात. त्यात डॉल्फिन कोणता आणि गोटा कोणता ते कॉम्प्युटरला कळंना झालंय. माणसाचे कान पाहिजेत, दिवसभर निवांत बसून ऐकणारे."

"म्हणजे इतके दिवस मी दुधातलं पाणी पकडलं, आता पाण्यातला मासा पकडू."

"मासा न्हाई काकू. पिल्लाला दूध पाजतंय ते."

"मग आमच्याच सोसायटीतलं झालं की," दगडाबाई म्हणली.

आमी सगळ्या तिच्याकडं बघतच राहिलो. दगडाबाई महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती. तीस वर्षं कारखान्यावर उसाची गाडी हाकणारी बाई ती, गडीमाणसागत. श्रावणात आष्टीच्या बाजारात तिनं पाखऱ्या आणि ढवळ्या, दोन्ही बैल इकले आणि तवापासून गप झालती.

मन्मथनं त्याच्या साहेबांना फोन लावला. ठरलं असं, की तीन दिवसांचे आवाज आमी ऐकायचे. पास झालो तर होळीपर्यंत सोसायटीला ऐकायचं काम, म्हणजे अख्खा हंगाम घरी.

"आणि नापास झालो तर?" एकीनं इचारलं.

"तर ट्रक," मी म्हणलं.

मन्मथनं पाच लॅपटॉप मांडले, कानाला लावायची यंत्रं दिली. डॉल्फिनचा आवाज लई बारीक, माणसाच्या कानाला पकडत न्हाई, म्हणून जाडा करून दिलता. मोबाईलवर एक शिट्टी ऐकवली. म्हणला, डॉल्फिन अशी शिट्टी घालतो. शिट्टी आली की लॅपटॉपवर दिसती ती येळ चांगल्या वहीत लिहायची. बाकी बोट, माणसं, काय असंल ते फालतूच्या वहीत, ते पण येळेसकट. एवढं सांगून तो सासुरवाडीला गेला.

पहिल्या दिवशी आमचे हाल झाले. गावात टँकर आठ दिवसांनी येणार, आणि कानात सकाळपासून पाणीच पाणी. सगळ्यांना इतकी तहान लागली की सोसायटीची घागर दुपारच्या आतच संपली. दुसऱ्या दिवशी मात्र कान सरावले. गोटे घरंगळले की जात्यावर भरडा काढल्यागत वाजायचं, बोट आली की पिठाच्या गिरणीगत. शिट्टी काही येईना.

दगडाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. "खाडीत बैल कावून हाकायलेत हे?"

मी तिचं यंत्र माझ्या कानाला लावलं. खरंच की. गाडीवान जीभ टाळूला लावून बैलाला टकटक करतो ना, तसंच्या तसं. टक, टक, टक. मला असा राग आला म्हणता. एवढं महागाचं यंत्र पाण्यात सोडायचं आणि काठावर गाड्यांचा अड्डा करायचा व्हय? मी म्हणलं, लिही फालतूत.

दगडाबाईला लिहायला येतं, पण गाडीबद्दल तिला मोघम लिहिता येत न्हाई. तिनं लिहिलं: सकाळी सात वाजून दहा मिनिटं, म्हातारा गाडीवान, दमानं. सात वाजून बारा, त्याच्यामागं शिकाऊ, मधीच थांबतो. सात वाजून वीस, चढ आला, घाईनं हाकतोय. मग सगळ्याच बाया तिला इचारून गाडीवान लिहायला लागल्या. फालतूची वही भरली, दुसरी आणावी लागली. चांगली वही कोरीच राहिली. तिसऱ्या दिवशी मला भाकर गेली न्हाई.

मन्मथ आला. त्यानं चांगली वही उघडली, पानं उलटली, मागून पुढं उलटली. "काकू, एक पण न्हाई?"

"कसा येईल?" मी भडकलेच. "तुझ्या खाडीवर गाडीवानांचा बाजार भरलाय. डॉल्फिन पळून जाईल न्हाई तर काय."

"कसले गाडीवान? तिथं एक बैल न्हाई."

मी फालतूच्या दोन्ही वह्या त्याच्या पुढ्यात आदळल्या. तो वाचायला लागला. वाचता वाचता खाली बसला. हे आवाज भरले त्या तीन दिवसांत त्याची माणसं टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलती आणि डॉल्फिन पाण्यावर कधी आला ते त्यांनी टिपलं व्हतं. तो कागद त्यानं वहीशेजारी धरला आणि बोट खाली खाली नेलं. सात दहा. सात बारा. सात वीस.

"काकू," तो म्हणला, "टकटक डॉल्फिनच करतो. अंधाऱ्या पाण्यात टकटक करायची आणि आवाज कशाला आपटून येतो त्यावरून वाट काढायची. आणि हे चढ जिथं लिहिलंय ना, तिथं तो माशाच्या मागं लागलाय. जवळ गेला की टकटकीची घाई व्हती. तुमी तर त्याच्या जेवणाच्या येळा लिहिल्यात."

"मग शिट्टी ऐकवलीस आणि टकटक खिशात ठिवलीस व्हय रं?"

"इसरलो," तो म्हणला. तोंड इतकंसं झालतं त्याचं, म्हणून मी त्याला सोडलं.

बाया हसायला लागल्या. पास झालतो आमी. दगडाबाई तेवढी हसली न्हाई. तिनं मन्मथला इचारलं, "म्हणजे तिथं बैल नव्हतेच?"

"न्हाई मावशी."

"मला वाटलं, कुणाचे तरी राहिलेत."

मला लई वाईट वाटलं, आणि ट्रक चुकला म्हणून आनंद पण झाला, दोन्ही एकदमच. दगडाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि यंत्र परत कानाला लावलं.

पुढं मन्मथ म्हणला, आता गाडीवानाच्या जागी डॉल्फिन लिहा. दगडाबाईनं ऐकलं न्हाई. त्याच्या साहेबांकडं आजपण गाडीवान असाच रकाना जातो.

दसऱ्यानंतर रामहरी मुकादम ट्रक घेऊन आला. रस्त्यावर भोंगा वाजवला, कुणी उठलं न्हाई, म्हणून आत आला. मी म्हणलं, औंदा आमी कामावर हाओत. त्याला पटंना. तो दगडाबाईपुढं जाऊन उभा राहिला. "बैल न्हाईत तर न्हाईत, मावशी. कोयता घ्या आणि चला."

दगडाबाईनं हात वर केला. "थांब जरा. चढावर हाय."

रामहरीला काय कळलं कुणास ठाऊक, पण जन्म त्याचा गाड्यांमागं गेलेला. चढावरच्या गाडीला कुणी मधी बोलत न्हाई. टोपी हातात घेऊन तो गप उभा राहिला. बऱ्याच येळानं त्यानं हळूच इचारलं, "चढला का?"

"चढला," दगडाबाई म्हणली, आणि तिनं येळ लिहिली.